हेक्टरचा मुक्काम

१२ एप्रिल २०११, मंगळवार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या कॅथी हचिन्सन त्या दिवशी कॉफी प्यायल्या. बाई ५८ वर्षांच्या. १९९६ मध्ये मेंदूच्या देठात झालेल्या पक्षाघाताने त्यांचे हातपाय गेले, वाचाही गेली. बुद्धी मात्र लख्ख राहिली. तेव्हापासून जवळपास पंधरा वर्षं त्यांच्या ओठांना पेला लावायचं काम दुसरंच कुणीतरी करत आलं होतं. त्या मंगळवारी टेबलावर दालचिनी घातलेल्या कॉफीची बाटली होती, तिच्यात नळी होती आणि शेजारी जर्मनीहून आणलेला एक यांत्रिक हात उभा होता. आपला हात बाटलीकडे जातोय, असं हचिन्सनबाईंनी मनात आणलं. यांत्रिक हात सरकला. त्याचा पंजा बाटलीभोवती मिटला, बाटली वर आली, त्यांच्याकडे कलली. त्यांनी नळीतून घोट घेतला आणि बाटली पुन्हा टेबलावर ठेवली.

मे २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. तिच्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते घोट घेतल्यानंतरचं बाईंचं हसू. शोधनिबंध वाचला तर आणखी काही गोष्टी कळतात, त्या चित्रफितीत दिसत नाहीत. कॉफीचा प्रयत्न सहा वेळा झाला आणि चार वेळा साधला. बाईंच्या मनाचा ताबा होता तो टेबलाच्या पातळीवर हात पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नेण्यावर आणि पंजा मिटण्याच्या आज्ञेवर. बाटली वर उचलणं, तोंडाकडे कलती करणं हे टप्पे आधी ठरवून दिलेले होते. ते कधी व्हायचे, एवढं बाई सांगत. याच निबंधात दुसरी एक चाचणी आहे. लवचीक दांड्यावर बसवलेला सहा सेंटिमीटरचा स्पंजचा चेंडू पकडायचा. जर्मन हाताने बाईंना तो पुरता पकडता आला शंभरात एकवीस वेळा. डेका या अमेरिकी कंपनीच्या हाताने शेचाळीस वेळा. त्याच अभ्यासातल्या ६६ वर्षांच्या एका गृहस्थांना बासष्ट वेळा.

हे आकडे त्या घोटाचं मोल कमी करायला दिलेले नाहीत. आपणही पेला उचलताना मनगटाचा कोन मोजत बसत नाही, तो हिशेब पाठीच्या कण्यापासून मेंदूपर्यंत कुठेकुठे परस्पर होत असतो. पण पाहणाऱ्याला चित्रफितीतून वाटतं की काम झालं, आता फक्त दुकानात यायचं बाकी आहे. त्या कॉफीनंतर एक तपाहून अधिक काळ उलटला आणि मेंदूच्या आज्ञेवर चालणारा हात अजून कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो का मिळत नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

१९६९ मध्ये एबरहार्ड फेट्झ या शास्त्रज्ञाने माकडाच्या मेंदूतल्या एकाच पेशीला तार जोडली आणि पेशीचा कडकडाट एका काट्याला जोडला. काटा वर चढला की केळ्याच्या चवीची गोळी. काही मिनिटांत माकड ती एक पेशी हवी तेव्हा भडकवायला शिकलं. नुसत्या मनाने बाहेरची वस्तू हलवता येते, याचा हा पहिला नीट पुरावा. पुढे १९८०च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलोस जॉर्जोपौलोस यांनी हालचालीच्या भागातल्या पेशींची भाषा उकलली. प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला निघाला की ती जोरात बोलते, उलट दिशेला निघाला की जवळपास गप्प बसते. एकट्या पेशीच्या बोलण्यावर विसंबता येत नाही, पण पुष्कळ पेशींची मतं एकत्र केली की हात कुठे निघालाय ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. आणि मान मोडली, मज्जारज्जू तुटला, तरी या पेशी बोलायच्या थांबत नाहीत. निरोप वाटेत अडकतो, देणारा शाबूत असतो. या साऱ्या विद्येचा पाया एवढाच आहे.

पेशींचं हे बोलणं ऐकण्याचं साधन युटा विद्यापीठातल्या रिचर्ड नॉर्मन यांनी घडवलं. चार मिलिमीटर लांब-रुंद सिलिकॉनची चकती, तिच्यावर दहा गुणिले दहा सुया, प्रत्येक सुई जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. शंभरातल्या ९६ सुया ऐकण्याचं काम करतात. कवटी उघडून ही चकती मेंदूच्या पृष्ठभागात एका झटक्यात ठोकून बसवतात, कारण हळू दाबली तर मेंदूच दबतो. तारा कवटीला स्क्रूने बसवलेल्या जोडणीपर्यंत येतात आणि ती जोडणी डोक्याच्या कातडीतून बाहेर डोकावत राहते. २००४ मध्ये अशी चकती प्रथम बसवून घेतली ती मॅथ्यू नेगल या तरुणाने. २००१ मध्ये कुणीतरी मानेत सुरा खुपसल्याने तो मानेखाली लुळा झाला होता. त्याने मनाने पडद्यावरचा बाण फिरवला, ईमेल उघडली, टीव्हीचा आवाज कमी-जास्त केला, एका कृत्रिम हाताची मूठ उघडली-मिटली. चकती वर्षभराने काढली गेली. २००७ मध्ये तो वारला.

नेगल आणि हचिन्सन यांच्या मधल्या काळात पिट्सबर्गमध्ये अँड्र्यू श्वार्ट्झ यांच्या माकडांनी यांत्रिक हाताने मार्शमॅलो खायला सुरुवात केली होती. तो निबंध २००८ चा. त्यातला एक तपशील मला सगळ्या आलेखांपेक्षा बोलका वाटतो. मिठाई यांत्रिक चिमट्याला चिकटून राहिली की माकड तो चिमटा तोंडाशी आणून चाटत असे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

याच पिट्सबर्गमध्ये जॅन शॉयरमन यांची गाठ हेक्टरशी पडली. शॉयरमनबाईंचा अपघात झालेला नव्हता. १९९६ मध्ये, वयाच्या छत्तिशीत, पाय जड वाटू लागले. मग हात. मेंदू आणि स्नायू यांच्यातला दुवा हळूहळू झिजवत नेणारा आजार. एके काळी त्या कॅलिफोर्नियात खुनाच्या रहस्याचे खेळ असलेल्या मेजवान्या भरवण्याचा व्यवसाय करत. पुढे मान आणि चेहरा सोडून शरीरातलं काहीच त्यांच्या ऐकण्यात उरलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांच्या मेंदूत दोन चकत्या बसवल्या गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेने घडवलेल्या एका यांत्रिक हाताला त्यांनी ‘हेक्टर’ हे नाव दिलं. चॉकलेट स्वतःच्या हाताने खायचं, असं त्यांनी संशोधकांना आधीच बजावून ठेवलं होतं. खाल्लंही.

हेक्टर हचिन्सनबाईंच्या हातापेक्षा पुष्कळ पुढचा. तिन्ही दिशांना जाणं, मनगट तिन्ही प्रकारे वळवणं आणि पकडणं अशा सात गोष्टी बाई एकाच वेळी मनाने सांभाळत. तेरा आठवड्यांच्या सरावानंतर ठरवून दिलेल्या जागी हात नीट नेण्याचं यश शंभरात नव्वदीच्या वर गेलं. ‘लॅन्सेट’ने डिसेंबर २०१२ मध्ये हे छापलं. पुढे त्या सातावरून दहावर गेल्या, बोटांच्या वेगवेगळ्या रचना करू लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये चकत्या काढल्या. सुयांना ऐकू येणं कमी होत गेलं होतं आणि जोडणीभोवतीची कातडी मागे सरत होती. दोन वर्षं आणि काही महिने, हेक्टरचा मुक्काम एवढाच. तो बाईंचा कधीच नव्हता, प्रयोगाचा होता.

चॉकलेट, कॉफी, मार्शमॅलो. कॅलिफोर्नियात एरिक सोर्टो या गृहस्थाने स्वतःच्या मर्जीने बिअर पिण्याची इच्छा धरली आणि २०१५च्या ‘सायन्स’मधल्या निबंधाच्या बातम्यांत ती बिअर जगभर पोचली. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना काय करायचंय असं विचारलं की खाण्यापिण्याचीच उत्तरं का येतात, हे ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याला सांगायला नको. घास भरवणाऱ्याचं प्रेम कितीही असो, गती त्याची असते. घास मोठा की लहान, आधी भाजी की आधी भात, दोन घासांमध्ये थांबायचं किती, पाणी मागायचं की त्याच्या लक्षात येण्याची वाट बघायची. खाणाऱ्याने तोंड उघडायचं. भरवणारीला दुसरीही कामं असतात, हे खाणाऱ्याला दिसत असतं, म्हणून तो भराभर गिळतो. यंत्राने भरवलेला घास माणसाने भरवलेल्या घासापेक्षा चांगला असतो, असं कुणी म्हणत नाही. पण यंत्राला घाई नसते आणि त्याचं ऋण डोक्यावर राहत नाही.

ज्यांचे हात आहेत ते धरण्याच्या गोष्टी करतात. हात गेलेल्यांना चटकन आठवतो तो स्पर्श. नेथन कोपलंड २००४ मध्ये, अठराव्या वर्षी, मोटार अपघातात मानेखाली लुळा झाला. २०१५ मध्ये पिट्सबर्गच्याच संशोधकांनी त्याच्या मेंदूत हालचालीच्या भागात दोन आणि स्पर्शाच्या भागात दोन चकत्या बसवल्या. स्पर्शाच्या भागातल्या सुया ऐकत नाहीत, बोलतात: बारीक वीज सोडतात. यांत्रिक बोटाला हात लावला की कोपलंडला आपल्याच बोटाला काही लागल्यासारखं जाणवतं. डोळे बांधून कुठल्या बोटाला हात लावला ते त्याने शंभरात चौऱ्याऐंशी वेळा बरोबर सांगितलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा पिट्सबर्गला आले, त्याच्या यांत्रिक मुठीला मूठ भिडवून गेले आणि तो फोटो सगळीकडे झळकला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं पाच वर्षांनी छापलं गेलं. वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला कोपलंडला स्पर्शाविना मध्यम हिशेबाने २०.९ सेकंद लागत. स्पर्श चालू केल्यावर १०.२. हात तोच, मेंदू तोच, वाचलेला वेळ बहुतेक वस्तू नीट पकडली की नाही हे डोळ्यांनी चाचपण्यातला. हाताचं काम अर्धं तरी ऐकण्याचंच असतं, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसलेलं नाही.

यंत्राचा हात हवाच कशाला, आपलाच हात आहे की, असाही एक पंथ आहे. क्लीव्हलंडचे बिल कोचेवर २००६ मध्ये सायकलवरून टपालाच्या गाडीवर आदळले आणि खांद्याखाली लुळे झाले. त्यांच्या मेंदूत दोन चकत्या आणि उजव्या हाताच्या स्नायूंत ३६ इलेक्ट्रोड बसवले गेले. मेंदूचा निरोप संगणकामार्फत स्नायूंना विजेच्या झटक्यांनी पोचायचा. मार्च २०१७च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची हकिकत आली. आठ वर्षांनी स्वतःच्या हाताने कुस्करलेला बटाटा खाल्ला, कॉफी प्यायली, नाक खाजवलं. खांदा उचलायला मात्र यांत्रिक आधार लागायचा, कारण वर्षानुवर्षं निजलेल्या स्नायूंना विजेने जागं करता येतं, पण बळ लगेच येत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते वारले.

आतापर्यंतची बहुतेक माणसं एका क्षणात हात गमावलेली. हळूहळू गमावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. मोटर न्यूरॉन आजारात, ज्याला डॉक्टर एएलएस म्हणतात, आज सदऱ्याचं बटण लागत नाही, तीन महिन्यांनी चमचा सुटतो, नंतर गिळणं. या माणसाला मदत हवी असते ती अजून थोडा हात चालत असताना, आणि तेव्हा कवटी उघडायला कोण तयार होईल? मेंदूतल्या पेशीही या आजारात झिजतात, म्हणून आज ऐकू येणारा निरोप दोन वर्षांनी येईल का, याची धास्ती वेगळी. त्यापेक्षा कॅनडाच्या क्वेबेकमधल्या किनोव्हा कंपनीचा जाको हा हात मला अधिक समजूतदार वाटतो. कंपनी स्थापणारे शार्ल देगीर यांच्या तीन मामांना स्नायू क्षीण होण्याचा आजार होता. त्यांतल्या जाक मामांनी स्वतःसाठी घरीच एक हात खटपटून बनवला होता, हाताचं नाव त्यांच्यावरूनच. व्हीलचेअरला बसवायचा, उरलेल्या बोटाच्या हालचालीने किंवा मानेने चालवायचा. मेंदूत काही घालायला नको. किंमत लाखांच्या घरात, पण तो खरोखर विकत मिळतो आणि खरोखर घरी राहतो.

याउलट न्यूयॉर्कच्या सिंक्रॉन कंपनीने मानेतल्या शिरेतून मेंदूजवळच्या मोठ्या शिरेत जाळीदार नळी पोचवण्याची वाट काढली आहे. कवटी शाबूत राहते. पण शिरेच्या भिंतीआडून ऐकलेला गलका धूसर असतो. त्याने बटण दाबता येतं, हेक्टर चालवता येत नाही. एएलएसच्या रुग्णांसाठी संशोधनाचा मोठा ओघ आता बोलण्याकडे वळलाय. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिसमध्ये केसी हॅरेल यांच्या मेंदूत २०२३ मध्ये २५६ इलेक्ट्रोड बसले आणि त्यांना जे बोलायचं ते शंभरात सत्त्याण्णव शब्दांच्या अचूकतेने, आजारापूर्वीच्या त्यांच्याच आवाजात, संगणक बोलू लागला. आवाज परत मिळणं घोटापेक्षा मोठं, हे उघड आहे.

इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंकबद्दल रोज इतकं छापून येतं की इथे थोडक्यात आटपतो. जानेवारी २०२४ मध्ये नोलंड आर्बो यांच्या मेंदूत ६४ धाग्यांवरचे १,०२४ इलेक्ट्रोड गेले, तारा बाहेर नाहीत, सगळं बिनतारी. पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बहुतेक धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने आज्ञावली बदलून काम पुन्हा चालू केलं आणि आर्बो रात्र-रात्र खेळ खेळू लागले. यांत्रिक हात जोडण्याची चाचणी तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. कातडीतून डोकावणारी जोडणी गेली, हे या कंपनीचं श्रेय मात्र द्यायला हवं.

आता हात घरी न राहण्याच्या कारणांपैकी एक, जे सुटायच्या वाटेवर आहे. हेक्टरसारख्या हाताला रोज सकाळी ओळख करून द्यावी लागते. हात चालताना बघा, तसं मनात आणा, संगणकाला शिकू द्या. काल शिकलेलं आज चालत नाही. कारण काय, हे सॅन फ्रान्सिस्कोत करुणेश गांगुली यांच्या गटाने शोधलं. निखिलेश नटराज पहिले लेखक असलेला त्यांचा निबंध मार्च २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आला. पक्षाघाताने हालचाल आणि वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूवर, आत सुया न खुपसता, पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवले होते. मूठ वळण्याच्या विचाराचा मेंदूतला नकाशा आकाराने कायम राहत होता, जागा मात्र रोज किंचित बदलत होती. बाजारातल्या भाजीवालीची टोपली तीच, भाव तोच, बसते मात्र रोज दोन हात सरकून, तसं. हे सरकणं संगणकाला शिकवल्यावर तो माणूस सात महिने यांत्रिक हात चालवत राहिला. ठोकळे उचलले, कपाट उघडून पेला काढला, पाण्याच्या यंत्राखाली धरला. मधे काही महिने गेल्यावर पुन्हा सुरू करायला पंधरा मिनिटांची जुळवाजुळव पुरली.

विज्ञान तर सरकतंय. अडतं ते भलतीकडेच. हचिन्सनबाईंच्या मेंदूत चकती २००५ मध्ये बसवली ती सायबरकायनेटिक्स या कंपनीच्या ‘ब्रेनगेट’ नावाच्या प्रयोगात. ती कंपनी २००९ पर्यंत मोडीत निघाली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोग उचलून धरला नसता, तर २०११ ची कॉफी झालीच नसती. याला नशीब म्हणतात, व्यवस्था नव्हे. दुसरीकडे तेवढंही नशीब नव्हतं: सेकंड साइट या कंपनीने ३५० हून अधिक अंधांच्या डोळ्यांत बसवलेली कृत्रिम दृष्टी २०२० मध्ये कंपनी बुडायला लागल्यावर बेवारस झाली. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, यंत्र डोळ्यातच.

ओहायोच्या इयन बर्कहार्टला हे सगळं अंगावर कळलं. २०१० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, समुद्रात सूर मारताना मान मोडली. २०१४ मध्ये चकती बसली आणि पुढे कोपराखालच्या हातावर चढवलेल्या इलेक्ट्रोडच्या बाहीतून त्याचा हात पेला उचलू लागला, पडद्यावरची गिटार वाजवू लागला. हे सगळं आठवड्यातून ठरलेल्या तासांपुरतं, प्रयोगशाळेत. घरी जाताना तारा काढायच्या आणि हात होता तसा. सात वर्षांनी, २०२१ मध्ये, संसर्ग झाला आणि चकती काढावी लागली. त्यानंतर त्याने असे प्रयोग स्वतःवर करून घेतलेल्यांची एक संघटना उभी केली. प्रयोग संपल्यावर काय, यंत्र बिघडलं तर कुणी दुरुस्त करायचं, काढायचं तर खर्च कुणाचा, हे प्रश्न संशोधकांच्या टेबलावर आता ती माणसं मांडतात. सुरक्षिततेबद्दल त्यांची तक्रार त्या मानाने कमी आहे. ब्रेनगेटच्या चौदा जणांच्या २००४ ते २०२१ मधल्या एकूण १२,२०३ दिवसांच्या हिशेबात यंत्रामुळे मृत्यू नाही, कायमचं अधिक अपंगत्व नाही. सर्वांत जास्त झाला तो जोडणीभोवतीच्या कातडीचा दाह.

आपल्याकडे मान मोडलेला माणूस मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा खडकीच्या जवानांच्या पुनर्वसन केंद्रात पोचला तर नशीबवान. त्याची पहिली लढाई पाठीवरच्या जखमा, लघवीची नळी आणि घरातल्या कुणाची नोकरी सोडायची, याच्याशी असते. तिथे हेक्टरची भाषा करणं थट्टा वाटेल. तरी एका बाबतीत लक्ष ठेवण्यासारखं काही घडलंय, आणि ते अमेरिकेत नाही. २०२५ च्या वसंतात चीनच्या हुपेई प्रांताने मेंदू आणि संगणक जोडण्याच्या शस्त्रक्रियांचे सरकारी दर जाहीर केले. यंत्र मेंदूत बसवण्याचे ६,५५२ युआन, म्हणजे आपले साधारण पाऊण लाख रुपये. शस्त्रक्रियेचं हे शुल्क आहे, यंत्राची किंमत निराळी. त्याच पत्रकात यंत्र काढून टाकण्याचाही दर दिलाय: ३,१३९ युआन.